'मला नाही येत' म्हणणाऱ्या चार वर्षांच्या लेकीसाठी चित्रपुस्तकं सुचवा

चिऊची_आई:
बालवाडी सुरू झाल्यापासून 'मला नाही येत, तूच कर' हे पालुपद चालू आहे. चित्र काढताना रेघ जरा वाकडी गेली की कागद चुरगाळते. आपल्याला काय काय जमतं हे तिला उमगेल अशी चित्रपुस्तकं हवीत. मराठीच. बजेट ५०० रुपये.

कोथरूडकर:
आम्ही बारा इंग्रजी पुस्तकांचा संच मागवला. २,४०० ला पडला, पण पैसे वसूल! जाड पुठ्ठ्याची पानं, दोन वर्षांत कोपरासुद्धा दुमडला नाही. घ्यायचं तर चांगलंच घ्या.

गोदाकाठ:
अहो, त्यांना मराठी हवंय. आणि असला संच मीही घेतला होता. दर पानावर 'मी हुशार, मी शूर'. तिसऱ्या पानावर पोराने विचारलं, 'पण याने केलं काय?' तेव्हापासून संच माळ्यावर. पानंही चिकटलेली आली होती.

कोथरूडकर:
तो विकणाऱ्याचा दोष, पुठ्ठ्याचा नाही. साधा कागद हातात द्या, आठवड्यात चिंध्या.

शेवंती:
माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर', ज्योत्स्ना प्रकाशन. राधा आपल्या घरच्यांविषयी सांगते, उपदेश कुठेच नाही. ते ऐकून माझी नात माझ्याविषयी सांगायला लागली, 'आजी चष्मा शोधते, मी सापडवते.'

मेलबर्नची_मावशी:
'लिओ द लेट ब्लूमर', १९७१ चं. वाघाच्या पिल्लाला वाचता येत नाही, चित्र काढता येत नाही, नीट खाताही येत नाही. बाबा काळजीत, आई म्हणते धीर धरा. इंग्रजी आहे, पण मी चित्रं दाखवत मराठीतच सांगते.

बालवाडीताई:
प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापूनही घेता येतात. पहिल्या पातळीच्या घ्या, शब्द मोजके असतात. गोष्टीतलं मूल अडलं की पान उलटू नका. 'आता काय करेल गं हे?' असं विचारून गप्प बसा. आणि नुसतं 'शाब्बास' नको. 'बटण निसटलं तरी तू परत लावलंस' असं, जे केलं तेच बोला.

कोथरूडकर:
मोबाईलवरच्या गोष्टींनी डोळ्यांवर ताण येतो.

बालवाडीताई:
छापून घ्या म्हटलंय ना.

गोदाकाठ:
'राधाचं घर'ला अनुमोदन. हेच लिहायला आले होते.

चिऊची_आई:
सगळ्यांचे आभार. पुस्तक तूर्तास विकत घेतलं नाही. ताईंचं वाचलं आणि चाळीस पानी वही काढली. चिऊचे चार फोटो छापून आणले, ५० रुपयांच्या आत काम झालं. मटार सोलताना, चपलेचा पट्टा लावताना, कुंडीला पाणी घालताना, भावाला झोका देताना. खाली एकेक ओळ लिहिली. पट्ट्याच्या पानावर ती थांबली आणि म्हणाली, 'आधी उलटा लावला होता, तेपण लिही.' लिहिलं. पाचवं पान कोरं ठेवलंय, तिथे ती मांजर काढणार आहे.