शब्दचर्चा: प्रकाशाचा कंगवा, फणी की तिफण?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या मुलांसमोर अर्धा तास बोलायचं आहे. विषय मीच निवडला: सिलिकॉनच्या चिपवर तयार होणारा ऑप्टिकल फ्रीक्वेन्सी कोम. मुलं आसपासच्या खेड्यांतली, त्यामुळे भाषण मराठीतच होणार. पण पहिल्याच पाटीवर अडलो. ‘प्रकाशीय वारंवारता कंगवा’ असं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून पाहिलं. तिन्ही शब्द नुसते शेजारी उभे आहेत, सोयरीक काही जुळत नाही. एका मुलानं वहीत ‘फ्रीक्वेन्सी कोंब’ असं लिहून घेतलं होतं आणि तो कोंब मला घटकाभर फार आवडला.

अर्थ थोडक्यात सांगतो. साध्या लेसरमधून एकाच रंगाचा प्रकाश निघतो. कोममध्ये एकाच वेळी कितीतरी रंग असतात आणि शेजारच्या कोणत्याही दोन रंगांमधलं अंतर तंतोतंत सारखं असतं. आलेख काढला की ओळीनं उभ्या रेघा दिसतात, म्हणून कोम. या तंत्रासाठी जॉन हॉल आणि थिओडोर हान्श यांना 2005 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. तेव्हा त्याला टेबलभर उपकरणं लागत. आता तेच काम नखाएवढ्या चिपवरचं एक कडं करतं.

तर विचारायचं असं, की कोमला काय म्हणावं? आणि फ्रीक्वेन्सीला पाठ्यपुस्तकातली ‘वारंवारता’ घ्यावी की मराठी विश्वकोशातली ‘कंप्रता’?

उत्तर (मोहाडी, जि. भंडारा)

सर, फणी म्हणा. आमच्या घरी कोशाचं कापड विणतात. मागावर ताण्याचे धागे ज्या चौकटीच्या घरांतून ओवलेले असतात, तिला फणीच म्हणतात. ठरावीक लांबीत घरं किती, यावर फणीचा नंबर ठरतो. सगळी घरं सारख्या अंतरावर असावीच लागतात. ओवताना एक घर चुकून मोकळं राहिलं, तर साडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ दिसते. अंतर सारखं राखणं हेच फणीचं काम आहे. तुम्हाला तोच अर्थ हवा आहे ना?

उत्तर (अकोट तालुका, जि. अकोला)

सर, मोहाडीच्या दादांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. मी प्रयोगशाळेत चिपवरच्या याच कड्यांवर काम करते. घरी फोनवर ते सांगताना कंगवा मला एकदाही कामी आला नाही. कंगव्यानं रेघांचं रूप कळतं, रेघांचं काम कळत नाही. शिवाय खिशातला कंगवा पाहा: अर्ध्या भागात दात विरळ, अर्ध्या भागात दाट. आपल्या वस्तूचा जो मुख्य गुण, तोच त्यात नाही.

मला घरी उपयोगी पडली ती तिफण. ती म्हणजे तीन फणांची. फणी आणि फण हे दोन्ही शब्द आमच्या घरात रोजचे, फक्त बोलताना ‘ण’चा ‘न’ होतो: फनी, तिफन. वर बी सोडायचं एकच चाडं, त्यावर धरलेली एकच मूठ, आणि खाली नळ्यांतून बी सारख्या अंतरावरच्या तीन तासांत, म्हणजे पेरणीच्या ओळींत, पडतं. सोयाबीनला आम्ही दोन तासांत 45 सेंटिमीटर ठेवतो. ते अंतर चुकलं की महिन्याभरानं तण काढायचा डवरा पिकावरच चालतो. म्हणून सारख्या अंतराचं मोल शेतकऱ्याच्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.

बाबांना मी कोमचं गणित सांगत होते, तर त्यांनी मधेच तोडलं: “अवं, धुऱ्यापासून पयलं तास कुठं पडलं अन् दोन तासांत अंतर किती, एवढं ठाऊक असलं तं चाळिसावं तास घरी बसून सांगता येते.” सर, कोमचं सगळं सूत्र एवढंच आहे. धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, पहिलं तास 30 सेंटिमीटरवर असेल आणि अंतर 45 चं असेल, तर चाळिसावं तास 30 अधिक 39 गुणिले 45, म्हणजे 1785 सेंटिमीटरवर, पावणेअठरा मीटरच्या थोडं पुढे. कोममध्येही दोनच संख्या लागतात: सुरुवातीचं अंतर आणि दोन दातांमधलं अंतर. त्या कळल्या की कोणत्याही दाताची कंप्रता नेमकी सांगता येते.

याचं एवढं महत्त्व का, तर प्रकाशाची कंपनं थेट मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्रच नाही. दूरसंचाराच्या तंतूंतून जाणारा 1550 नॅनोमीटरचा प्रकाश सेकंदाला जवळपास 193 लाख कोटी वेळा कंप पावतो. पण दातांमधलं अंतर रेडिओलहरींच्या टप्प्यात आणता येतं, आणि ते मोजता येतं. मग अनोळखी प्रकाश कोणत्या दाताजवळ पडतो ते पाहायचं आणि दात मोजत जायचं.

आता चिपचं. सिलिकॉनच्या चकतीवर सिलिकॉन नायट्राइडचं बारीक कडं कोरतात आणि त्याला जवळजवळ चिकटून एक वाट. त्या वाटेला मी पाट म्हणते. पाटातून एका रंगाचा लेसर सोडला की थोडा थोडा प्रकाश कड्यात झिरपतो, तिथं हजारो वेळा फिरतो आणि साचत जातो. प्रकाश इतका तीव्र झाला की त्या पदार्थाचा अपवर्तनांकच, म्हणजे प्रकाशाला वाकवण्याचं प्रमाणच, बदलतो. त्याला केर परिणाम म्हणतात. मग दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मिळून दोन नवे फोटॉन देतात: एकाची कंप्रता जेवढी वाढते, नेमकी तेवढीच दुसऱ्याची घटते. मधल्या दाताच्या दोन्ही बाजूंना एकेक दात. त्यांच्यापासून पुढचे, आणि त्यांच्यापासून आणखी पुढचे. 100 मायक्रोमीटर त्रिज्येच्या कड्यात दोन दातांमधलं अंतर 200 गिगाहर्ट्झच्या आसपास येतं. कडं लहान केलं की अंतर वाढतं.

2007 मध्ये म्युनिकजवळच्या गार्खिंगला माक्स प्लांक संस्थेत टोबियास किपेनबर्ग यांच्या गटानं चिपवरच्या सिलिकाच्या कड्यातून अशी फणी काढून दाखवली. 2010 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात ती सिलिकॉन नायट्राइडच्या कड्यात निघाली. मुलं हमखास विचारतील, की नुसता सिलिकॉनच का नाही? तर 1550 नॅनोमीटरला सिलिकॉन दोन-दोन फोटॉन एकदम गिळतो आणि साचलेला प्रकाश वाया जातो. नायट्राइडमध्ये तसं होत नाही, आणि चिपच्या कारखान्यांना तो पदार्थ नवा नाही.

एका जागी मात्र तिफणीची उपमा सोडावी लागते, आणि ती जागा मुलांना जरूर सांगा. तिफणीचे फण सुतारानं आधीच बसवलेले असतात. कड्यातही प्रकाशाला बसायच्या जागा आधी ठरलेल्या असतात, पण त्यांची अंतरं किंचित कमीजास्त असतात. लेसर हळूहळू सरकवत नेला की आधी दात गोंगाट करत उगवतात, एकमेकांशी मेळ नसतो. मग एका क्षणी प्रकाशाची एकच आखूड ठिणगी कड्यात गोल फिरू लागते आणि सगळे दात तंतोतंत सारख्या अंतरावर येतात. त्या ठिणगीला सॉलिटॉन म्हणतात. पडद्यावर तो खडबडीत आलेख एकदम गुळगुळीत झालेला मी पहिल्यांदा पाहिला, त्या रात्री मला झोप आली नाही. इथं सुतार कुणी नाही, अंतर प्रकाशानंच सारखं केलं.

म्हणून नाव फणी, समजावायला तिफण. आणि फणी ‘निर्माण केली जाते’ असं नका लिहू सर. फणी उमटते.

उत्तर (वरुड, जि. अमरावती)

माझा थोडा विरोध आहे. फणी म्हटलं की वर्गातल्या निम्म्या मुलींना आजीच्या हातातली उवांची लाकडी फणी आठवेल. काहींना 2019 चं ओडिशातलं चक्रीवादळ आठवेल. तिथं फणी म्हणजे नाग. कंगवा हा सगळ्यांना कळणारा शब्द आहे. वारंवारताही तशीच: मुलांनी ती नववी-दहावीपासून लिहिलेली आहे. ऐन भाषणात कंप्रता आणून त्यांना का गोंधळात टाकायचं?

उत्तर (अकोट तालुका, जि. अकोला)

काकाजी, नाग तो फणी, पुल्लिंगी. ही ती फणी. वाक्यात आली की लिंगावरून कळतं. आणि उवांची फणी आठवली तर आठवू द्या ना. तिच्या एका बाजूचे दात पाहा, किती दाट आणि किती सारखे आहेत. ऊ कंगव्यातून निसटते, फणीतून निसटत नाही. अनोळखी कंप्रता पकडायची तर फणीच लागेल.

वारंवारतेबद्दल तुमचं अर्धं खरं आहे. मुलांच्या ओळखीचा शब्द तोच आहे. पण ‘वारंवार’ म्हणजे पुन्हा पुन्हा, आणि इथं पुन्हा पुन्हा होणाऱ्या गोष्टी दोन आहेत. एक, प्रकाशाची कंपनं. दुसरी, कड्यातून दर फेरीला बाहेर पडणारी ठिणगी. दातांमधलं अंतर म्हणजे त्या ठिणगीच्या फेऱ्यांचा वेग. दोन्हींना वारंवारता म्हटलं की मी स्वतःच माझ्या वहीत घसरते. म्हणून मी प्रकाशाच्या कंपनांना कंप्रता म्हणते आणि ठिणगीच्या फेऱ्यांना वारंवारता. दोन्ही शब्दांना काम मिळतं.

उत्तर (मोहाडी, जि. भंडारा)

ताई, एक विचारतो. मागावर फणी धाग्यांना जागेवर धरून ठेवते, पण कापड धाग्यांचं होते. तुमच्या या फणीवर विणतात काय?

उत्तर (अकोट तालुका, जि. अकोला)

दादा, विणतात. प्रत्येक दातावर वेगळा संदेश चढवता येतो. नाहीतर प्रत्येक रंगासाठी वेगळा लेसर ठेवावा लागतो. 2017 मध्ये अशा दोन फण्यांचे दात एकमेकांच्या मधे बसवून 179 रंग मिळवले आणि 75 किलोमीटरच्या एकाच तंतूतून सेकंदाला 50 टेराबिटांहून (एक टेराबिट म्हणजे लाख कोटी बिट) जास्त माहिती पाठवली.

प्रश्नकर्ता (दारव्हा, जि. यवतमाळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिली पाटी पुसून नव्यानं लिहिली: ‘चिपवर उमटणारी प्रकाशाची फणी’. खाली बारीक अक्षरात, ‘शास्त्रीय नाव: कंप्रता-फणी’. वरुडच्या काकाजींचा मान राखून, कंप्रता म्हणजे प्रकाशाच्या कंपनांची वारंवारता, हे पहिल्या दोन मिनिटांतच सांगणार आहे. ‘पाट’ आणि ‘धुरा’ हे ताईंचे शब्द तसेच घेतो.

आमच्या घरामागच्या कोठ्यात आढ्याला एक जुनी तिफण टांगलेली आहे. ट्रॅक्टरची पेरणी आल्यापासून ती खाली उतरलीच नाही. काल शिडी लावून पाहिली. तिचा मधला फण मोडलेला आहे. तशीच वर्गात नेतो. फळ्यावर एकेक दात काढत जाऊ, आणि मधलं तास सुटलं की ओळ कशी दिसते ते मुलंच सांगतील.