तालमींच्या आठवणींच्या कामासाठी अनुदान: अर्ज कोणाकडे आणि कोणाच्या नावाने करावा?

लालमाती

नमस्कार. मी कोल्हापुरात महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोन शिक्षक मित्र, एक छायाचित्रकार आणि मी असे चौघेजण गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी शहरातल्या जुन्या तालमींमध्ये जाऊन वयोवृद्ध वस्तादांच्या आणि पैलवानांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत आहोत. आपल्याकडे तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा हौद नव्हे. पेठेचा गणेशोत्सव, फुटबॉलचा संघ, भांडणतंटा मिटवण्याची बैठक हे सारे तिथेच चालते, आणि ते सांगू शकणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत.

मुलाखती घेताना एका तालमीच्या माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली. २०१९ च्या महापुरात तिच्यात पाणी शिरले होते, त्यामुळे आतली कुस्ती मैदानांची गुलाबी आणि पिवळी हँडबिले एकमेकांना चिकटून त्यांचा गठ्ठा झाला होता. सोडवता आली तेवढी सोडवली. एका हँडबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूस कोणीतरी पेन्सिलने दूध, बदाम आणि तुपाचा महिन्याचा हिशेब मांडलेला होता.

या साहित्याची नीट नोंद व्हावी, त्या त्या पेठेत प्रदर्शन भरावे, शाळेच्या मुलांनी ते पाहावे आणि मुलाखती कोणालाही ऐकता याव्यात, अशी आमची इच्छा आहे. आतापर्यंतचा खर्च आम्ही पदरचा केला. "कोल्हापूरच्या तालमींचा इतिहास" या नावाने दोन ठिकाणी अर्ज केले होते. एकीकडून व्याप्ती निश्चित नसल्याचे कळवण्यात आले आणि दुसरीकडून उत्तरच आले नाही. अर्ज व्यक्तीच्या नावाने करावा की संस्थेच्या, कोणाकडे करावा आणि अंदाजपत्रकात काय धरावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हिशेबनीस

मी एका सार्वजनिक न्यासाचे हिशेब अनेक वर्षे पाहतो, म्हणून पैशाच्या वाटेपासून सुरुवात करतो. पैसे कोणाच्या खात्यात कायदेशीरपणे येऊ शकतात हे ठरले, की कोणाकडे मागायचे हा प्रश्न निम्मा सुटतो.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी हा एक मार्ग आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठराविक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला आणि संस्कृती यांचे जतन स्पष्टपणे नमूद आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींमधल्या मोठ्या कारखान्यांकडे चौकशी करण्यासारखी आहे. मात्र हा निधी चौघा मित्रांना मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत संस्था लागते, आयकर खात्याकडची करसवलतीची नोंदणी (जिला आपण सगळे १२ए आणि ८०जी म्हणतो) लागते, सीएसआर-१ हा अर्ज भरलेला असावा लागतो आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तेव्हा आज नवा न्यास काढण्याच्या मागे लागू नका. एखादे जुने वाचनालय किंवा शिक्षणसंस्था सोबत घ्या आणि लेखी करार करा. त्या करारात साहित्याची मालकी मूळ तालमीकडेच राहील हे वाक्य विसरू नका.

परदेशी निधीबद्दल सावध करतो. ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीचा कार्यक्रम २००४ पासून चालू आहे आणि मूळ कागद देशाबाहेर नेऊ न देण्याचा त्यांचा नियम चांगला आहे. तथापि त्यांचा भर जुन्या काळच्या कागदपत्रांवर आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या हँडबिलांसाठी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ ग्रंथालयाचा, यूसीएलएचा, आधुनिक दस्तऐवजांचा कार्यक्रम अधिक जवळचा ठरेल. मात्र दोन्ही ठिकाणचे पैसे स्वीकारण्यासाठी परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते लागते. ज्या संस्थेकडे हे आधीपासून आहे, तिच्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

जुने_टिपण

मी निवृत्त प्राध्यापक आहे आणि काही वर्षे अशा अर्जांच्या छाननी समित्यांवर बसलो आहे. लालमाती, आपला अर्ज का परत आला हे त्याच्या नावातच दिसते. "तालमींचा इतिहास" हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. समितीपुढे अर्जांची चळत असते, आणि ज्या अर्जात काहीतरी शोधायचे आहे असे पहिल्या परिच्छेदात दिसते तोच पुढे वाचला जातो.

खरे सांगायचे तर आपला प्रश्न आपल्या हाती आलेला आहे. तो त्या हँडबिलाच्या पाठीवर आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला राजाश्रय होता, खासबागचे मैदान १९१२ मध्ये उभे राहिले, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर पैलवानाच्या दुधाबदामाचे पैसे कोण देत होते? पेठेतले व्यापारी, गावोगावच्या जत्रा, साखर कारखाने, की मैदानाच्या तिकिटांची विक्री? हँडबिलावर एका बाजूला इनामाचे आकडे आणि देणाऱ्यांची नावे आहेत, दुसऱ्या बाजूला खुराकाचा हिशेब आहे, आणि ते वाचून अर्थ सांगणारी माणसे अजून हयात आहेत. "राजाश्रय गेल्यावर तालमी कोणी जगवल्या" हे शीर्षक घ्या, तीन तालमी निवडा, १९४९ ते १९७५ असा काळ ठरवा आणि अर्ज नव्याने लिहा. शहरातल्या सगळ्या तालमींचे काम पुढे आपोआप उभे राहील.

कोणाकडे, याविषयी माझे मत असे. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था व्यक्तींनाही अनुदान देते आणि कोणत्याही भारतीय भाषेत लिहिलेला प्रस्ताव स्वीकारते. आपण मराठीत विचार करता, तर मराठीतच लिहावे. फक्त तिथे कुस्ती हा खेळ म्हणून मांडून चालणार नाही. हँडबिलांची अक्षररचना, छापखाने, तालमीतल्या भिंतींवरची चित्रे आणि तसबिरी या दृश्यकलेच्या अंगाने प्रस्ताव बेतावा लागेल, आणि कलापूर म्हणवणाऱ्या शहरात ते ओढूनताणून आणलेले वाटणार नाही. भारतीय इतिहास संशोधन परिषद आणि भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद यांचे प्रकल्प मात्र विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त संस्थेच्या आधाराने करणे सोयीचे असते. शिवाजी विद्यापीठातल्या एखाद्या इतिहासाच्या अभ्यासकाला प्रमुख संशोधक म्हणून विनंती करून पाहावी. एकच मजकूर सगळीकडे पाठवू नये, एवढे कळकळीने सांगतो. मी वाचलेल्या कित्येक अर्जांत आधीच्या दात्याचे नावसुद्धा तसेच राहिलेले असे.

कागलची_लेक

आमच्या भागातल्या शेतमजूर स्त्रियांच्या आठवणी नोंदवण्यासाठी मला एकदा लहानसे अनुदान मिळाले होते. त्या अनुभवावरून अंदाजपत्रकाबद्दल लिहिते.

मी यंत्रांसाठी भरपूर पैसे धरले आणि लेखनासाठी फारच थोडे, ही माझी चूक. एक तासाची मुलाखत शब्दशः उतरवायला मला पाच ते सहा तास लागत. वृद्ध माणसाचे दात नसतील, मागे गिरणी चालू असेल, तर त्याहून जास्त. त्या कामाचे मानधन वेगळे दाखवा. बोलणाऱ्या माणसालाही मानधन धरा. तो आपला अख्खा दिवस देतो, आणि केवळ शाल-श्रीफळ देऊन त्याला परत पाठवणे मला आजही टोचते. ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा, त्यांतली एक पुराच्या रेषेच्या वर असू द्या, आणि एक प्रत त्या कुटुंबाला द्या. संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत असावे आणि ते वाचून दाखवावे. सरकारी अनुदान असेल तर शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावे लागते, म्हणून चहाची पावतीही जपून ठेवा.

जुने_टिपण यांनी सुचवलेला प्रश्न मला पटला, परंतु त्यात एक जागा रिकामी दिसते. खुराकाचे पैसे कोणी दिले हे आपण विचारणार, मग तो खुराक कोणी रांधला, बदाम कोणी वाटले, मातीने भरलेले लंगोट कोणी धुतले? पैलवानांच्या आया, बहिणी आणि खानावळ चालवणाऱ्या बायका यांच्या मुलाखती आपल्या यादीत आहेत का? दुसरे असे की प्रदर्शन तालमीतच भरवले, तर पेठेतल्या कित्येक स्त्रिया उंबऱ्याबाहेरूनच परत जातील, कारण आतमध्ये जाण्याची त्यांना सवयच नाही. ते शाळेच्या सभागृहात किंवा गणपतीच्या मांडवात भरवा. प्रदर्शनाला कोण येणार, असे विचारणारा रकाना अर्जात असतो, आणि तिथे "सर्वसामान्य जनता" एवढेच लिहिलेले असले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणीच उभे राहत नाही.

लालमाती

तिघांचेही मनापासून आभार. कागलची_लेक, आमच्या यादीत एकही स्त्री नाही, हे आपण विचारल्यावर लक्षात आले आणि वाईट वाटले. एका वस्तादांच्या मोठ्या बहीण आमच्या गल्लीतच राहतात. त्यांच्याकडे उद्याच जातो. प्रस्ताव १९४९ नंतरच्या खुराकावर आणि तीनच तालमींवर मराठीत लिहायला घेतला आहे, आणि करारासाठी एका जुन्या वाचनालयाच्या कार्यवाहांची भेट ठरली आहे. आजवर आम्ही हँडबिलांची छायाचित्रे फक्त पुढच्या बाजूने घेतली होती. येत्या रविवारी ट्रंक पुन्हा उघडून प्रत्येक कागदाची मागची बाजूही टिपणार आहोत.