चरणसिंग सरकार: २३ दिवस की साडेपाच महिने?

सिन्नरकर
नमस्कार मंडळी. मुक्त विद्यापीठातून बीए करतोय, विषय राज्यशास्त्र. पुस्तकात चरणसिंग सरकारचा काळ २८ जुलै १९७९ ते १४ जानेवारी १९८० असा दिलाय. आमचे सर म्हणतात, सरकार २३ दिवसांत पडलं. खरं काय? आणि ज्यांच्या नावाचं आमचं विद्यापीठ, ते यशवंतराव त्यात उपपंतप्रधान होते म्हणे. मग याबद्दल कुणी बोलत का नाही?

पंचवटीकर आजोबा
बाळा, दोन्ही खरं. २८ जुलैला शपथ, २० ऑगस्टला राजीनामा. हे झाले २३ दिवस. पुढे निवडणूक होऊन इंदिराबाई येईपर्यंत काळजीवाहू.

आता यशवंतरावांचं. शपथेच्या आधी, त्याच जुलैत, ते विरोधी पक्षनेते होते. मोरारजींवरचा अविश्वास ठराव त्यांचाच. १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती संजीव रेड्डींनी सरकार बनवायला आधी यशवंतरावांनाच बोलावलं. त्यांची बेरीज जमली नाही. मग चरणसिंग पंतप्रधान झाले, हे उपपंतप्रधान आणि गृहमंत्री, आणि बाहेरून टेकू कोणाचा, तर इंदिराबाईंचा! ज्यांच्यापासून हे दीड वर्षापूर्वी वेगळे झाले, त्यांचाच. मला तेव्हाही हे पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

आमच्या घरी यशवंतराव म्हणजे देव. चीन युद्धानंतर ते संरक्षणमंत्री झाले आणि लोकसभेवर आपल्या नाशकातून बिनविरोध गेले. ओझरला मिगचा कारखाना आला तोही त्यांच्याच काळात, १९६४ ला. त्यामुळे वडिलांपुढे त्यांच्याविरुद्ध ब्र काढायची सोय नव्हती. पण त्या ऑगस्टात ‘गावकरी’ वाचून वडील नुसते गप्प बसायचे. चरणसिंगांनी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून भाषण केलं आणि पाच दिवसांनी खेळ खलास. विश्वासदर्शक ठरावासाठी लोकसभा बोलावलेली, आदल्या दिवशी इंदिराबाईंनी पाठिंबा काढला, आणि हे सभागृहात न जाता राजीनामा देऊन मोकळे. पंतप्रधान म्हणून लोकसभेला एकदाही सामोरे न गेलेला हा एकच गृहस्थ.

ओझरचा
आजोबा, रागावू नका, पण यशवंतराव तरी काय करणार होते? बाहेर राहिले असते तर पक्षातली माणसं टिकली नसती. मला जास्त खटकतात ते रेड्डी. जगजीवनराम सरकार बनवायला तयार होते, त्यांना संधी द्यायला हवी होती. ती न देता २२ ऑगस्टला लोकसभा बरखास्त. बहुमत कधीच सिद्ध न केलेल्या माणसाच्या सल्ल्यावरून!

वकीलबाई, कॉलेज रोड
‘ओझरचा’ यांच्या मुद्द्यावर तेव्हापासून वाद आहे. मात्र एक गोष्ट: ठरावीक मुदतीत लोकसभेचा विश्वास मिळवा, असं रेड्डींनी चरणसिंगांना आधीच सांगितलं होतं. पुढे १९९६ मध्ये वाजपेयींनाही अशीच मुदत मिळाली. ते निदान सभागृहात गेले, चर्चा झाली आणि मतदानाआधी राजीनामा दिला.

सिन्नरकर, ‘काळजीवाहू सरकार’ असा शब्द आपल्या संविधानात नाही. राष्ट्रपतींना सल्ला द्यायला मंत्रिमंडळ असावंच लागतं, म्हणून जुनंच पुढे चालू ठेवतात. मोठे धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत, हा संकेत.

सिन्नरकर
धन्यवाद वकीलताई, आजोबा. पण इंदिराबाईंनी पाठिंबा काढला कशासाठी? तीन आठवड्यांत असं काय बिनसलं?

पंचवटीकर आजोबा
आणीबाणीतल्या प्रकरणांसाठी विशेष न्यायालयं नेमली होती. ती गुंडाळावीत अशी तिकडून अपेक्षा होती, आणि चरणसिंग बधेनात. त्या बाबतीत मी त्या जाटाला मानतो. अर्थात इंदिराबाईंना निवडणूक हवीच होती, हेही धर. जानेवारीत ३५३ जागा घेऊन आल्या. यशवंतराव साताऱ्यातून निवडून आले, पण महाराष्ट्रातून त्यांच्या पक्षाचे ते एकटेच.

परीक्षेत दोन्ही तारखा लिही. नुसते २३ दिवस लिहिलेस तर तपासणारा गुण कापेल.