मक्याच्या खोडाच्या छेदात बंडल विखुरलेले दिसत नाहीत

प्रश्न
मक्याच्या खोडाचा आडवा छेद सॅफ्रानिनने (लाल रंगाने) रंगवला. आकृतीत बंडल (पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे) सगळीकडे विखुरलेले असतात. इथे मात्र मधे मोठी भेंड (मऊ गाभा) आणि तिच्याभोवती झायलेमचं (पाणी वाहणाऱ्या नळ्यांचं) कडं दिसतंय. तुकडा अगदी खालच्या पेराजवळचा होता. शिवाय सगळंच लालभडक झालंय. चूक कुठे झाली?

उत्तर १
ते खोड नाही, आधारमूळ आहे. मक्याच्या खालच्या पेरांतून जाड, हिरवट-जांभळट मुळं फुटतात आणि ती सहज खोडाचा भाग वाटतात.

खात्री करायची तर प्रोटोझायलेम, म्हणजे आधी तयार झालेलं झायलेम, शोधा. अरुंद नळ्या बाहेर आणि रुंद मेटाझायलेम (नंतर तयार झालेलं) आत असेल तर मूळच. खोडात नेमकं उलट असतं. मुळात फ्लोएमचे (अन्न वाहणाऱ्या पेशींचे) पुंजके झायलेमच्या दोन पट्ट्यांच्या मधे येतात आणि एकदल मुळात अशा पट्ट्या सहसा सहाहून जास्त असतात. खोडात झायलेम-फ्लोएम एकाच त्रिज्येवर, फ्लोएम बाहेरच्या अंगाला. खोडाचा एकच बंडल मोठा करून पाहा, चेहऱ्यासारखा दिसतो: दोन मोठ्या नळ्या म्हणजे डोळे आणि प्रोटोझायलेम फाटून झालेली पोकळी म्हणजे तोंड. भोवती स्क्लेरेन्कायमाचं (जाड भिंतींच्या कडक पेशींचं) आवरण, आत कॅम्बियम (नव्या पेशी बनवणारा थर) अजिबात नाही.

उत्तर २
लालभडक होण्याचं कारण बहुधा जाड छेद. पेशींचे थर एकावर एक आले की रंग साचतो. पुढच्या वेळी दोन पेरांमधलं कोवळं कांडं घ्या. पेरावर बंडल आडवेतिडवे जोडलेले असतात, तिथे काहीच उलगडत नाही. पातं आणि तुकडा ओला ठेवा, एकाच ओढीत कापा. सालीखालचा कडक थर पातं ढकलतो, त्यामुळे छेद एका बाजूला जाड होतो. दहा-पंधरा छेद पाण्यात सोडा, त्यातला सर्वांत पातळ ब्रशने उचला. पूर्ण गोल नसला तरी चालेल. १% सॅफ्रानिनमध्ये २–३ मिनिटं, मग रंग सुटायचा थांबेपर्यंत पाण्यात धुवा. तरीही गडद वाटला तर ५०% अल्कोहोलमध्ये काही सेकंद बुडवा: पॅरेन्कायमा (पातळ भिंतींच्या मऊ पेशी) फिका पडतो, लिग्निन (कडकपणा देणारा पदार्थ) असलेल्या भिंती लाल राहतात. ग्लिसरीनच्या थेंबावर ठेवून कव्हरस्लिप सुईच्या आधाराने तिरकी उतरवा, नाहीतर बुडबुडे अडकतात.

उत्तर ३
एक भर: खोडात कडं दिसलं म्हणून द्विदल ठरवू नका. गव्हाचं कांडं पोकळ असतं आणि बंडल दोन वर्तुळांत लागतात. उलट पेपरोमिया ही छोटी वनस्पती द्विदल असूनही तिचे बंडल विखुरलेले असतात.