हिवाळ्याची बेगमी : भाव चढायच्या आत काय, किती अन् कसं भरता?

टोपलीभर
सोयाबीन निघालं, कापूस वेचणीला आला आणि बाजारात दरवर्षीचं नाटक सुरू झालं. उन्हाळी कांदा सरत आलेला, तूरडाळ चढलेली, गहू एप्रिलपेक्षा महाग. काल गावातल्या एका पडक्या वाड्यात उपडी पडलेली ढोली (धान्याची मोठी कणगी) दिसली, आतून शेणामातीनं लिंपलेली, आणि आजीच्या घरातला कडुनिंबाच्या पाल्याचा वास एकदम आठवला. म्हणून हा धागा. किस्से नंतर, आधी कृती सांगा. काय भरता, किती, कशात, आणि नासतं ते कशानं.

सुरुवात गव्हापासून. दाताखाली कट्‌ वाजला पाहिजे हे सगळ्यांना माहीत आहे, पण मिठाची परीक्षा जास्त पक्की. कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश गहू, दोन-तीन चमचे कोरडं मीठ, झाकण लावून मिनिटभर हलवायचं आणि पाव तास ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी लगेच भरू नका, वर्षभर टिकवायला १२ टक्क्यांच्या आसपास लागते, म्हणजे आणखी दोन उन्हं द्या. उन्हातून काढलेला गहू रात्रभर सावलीत थंड होऊ द्यायचा. गरम भरला की पिंपाला आतून घाम सुटतो आणि वरचा चार बोटं थर बुरशीला जातो. हिवाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या पत्र्याच्या पिंपातही हेच होतं, त्यामुळे पिंप भिंतीपासून हातभर दूर आणि खाली फळी.

२०० लिटरच्या पिंपात साधारण दीडशे किलो गहू मावतो. पोळी, भाकरी, भात सगळं मिळून माणशी महिन्याला सात-आठ किलो धान्य धरा.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, गहू तं एप्रिलातच भराले पाह्यजे होता. आता घेसान तं भाव बी जास्त अन् किडे फुकट. नवा येईस्तोर पुरन एवढाच घ्या. अन् पिंप काठोकाठ भरजा, अर्धं रिकामं ठेवलं का त्या हवेत सोंडे मजेत राह्यते.

पांढरीची_माती
+१. बाकी रात्री लिहितो, कापूस मोजणं चालू आहे.

धुऱ्यावरची_तूर
तुरीचं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं.

भुंगेरा फक्त घरातच लागतो असं नाही. तो शेतातूनही येतो, शेंगेवर अंडी घालतो आणि अळी दाण्याच्या आत शिरते. म्हणून वरून स्वच्छ दिसणारी तूर तीन महिन्यांनी भोकं पडलेली निघते. उपाय दोन. एक, लवकर डाळ करून टाकणे, भरडलेल्या डाळीत त्याला अंडी घालायला फारसं आवडत नाही. दोन, बियाण्यासाठी किंवा उसळीसाठी अख्खी ठेवायची असेल तर खायचं तेल चोळणे. किलोला ५ ते ७ मिली, म्हणजे क्विंटलला साधारण अर्धा ते पाऊण लिटर. ताडपत्रीवर दोघींनी हातानं चोळायचं, प्रत्येक दाणा चकाकला पाहिजे. तेलामुळे अंडं दाण्याला नीट चिकटत नाही आणि आतला जीव गुदमरतो. वर तीन बोटं चाळलेल्या राखेचा थर.

डाळ करायच्या दोन पद्धती:
ओली: तूर रात्रभर भिजवा, निथळून क्विंटलला पाचेक किलो लाल माती कालवून चोळा, ढीग करून गोणपाटानं झाका, दुसऱ्या दिवशी पसरा. दोन-चार दिवस कडक ऊन, मग चाळून माती काढा आणि भरडा. साल सहज सुटते, चुरा कमी. पण ही डाळ शिजायला वेळ घेते.
कोरडी: तेलाचा हात, दोन-तीन उन्हं, मग किंचित पाण्याचा हबका मारून रात्रभर ढीग, परत ऊन. चुरा जास्त पडतो, पण डाळ पटकन शिजते आणि चव वरचढ.

घाईत उन्हं कमी दिली तर दोन्हीकडे साल डाळीलाच चिकटून राहते आणि जातं तुंबतं.

वऱ्हाडी_ठेचा
हिशोब सांगा ना ताई, घरी भरडनं परवडते का?

धुऱ्यावरची_तूर
२०२५-२६ चा हमीभाव ८,००० रुपये धरा. घरच्या जात्यावर क्विंटलला ६०-६५ किलो डाळ, चांगल्या मिलमध्ये ७० पर्यंत. ६५ धरली तर किलोला १२३ रुपये पडले, मजुरी वेगळी. बाजारातली डाळ याच्या आसपास मिळत असेल तर विकत घेतलेली बरी. चुणी (भरडताना निघणारी साल-चुरा) मात्र गुरांना होते, तो फायदा धरायचा असतो. घरच्या शेतातली तूर असेल आणि व्यापारी हमीभावाच्या खाली मागत असेल, तर खुशाल घरी भरडा.

गोठ्याकडे
चुणी म्हणजे गाईचा बोनस 😄

सेवाग्राम_एस्टी
धान्यातले किडे मारायच्या सेल्फॉसच्या गोळ्यांबद्दल कोणी काहीच लिहिलं नाही? आमच्याकडे सर्रास टाकतात.

टोपलीभर
नको. राहत्या घरात तर नाहीच नाही. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव जातो, आणि त्यावर उतारा नाही. ते काम गोदामाचं आणि प्रशिक्षित माणसांचं. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत, कापड फाटलं की पारा धान्यात. कडुनिंबाचा पाला मात्र चालतो, पण सावलीत पूर्ण वाळलेला. ओला पाला टाकला तर आपणच पिंपात पाणी घातल्यासारखं.

अर्धी_भाकर
कांदा!! कांद्याचं सांगा कोणी तरी. सगळे डाळीवरच बसले.

पूर्णेकाठ
सांगतो. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलात निघतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरापर्यंत पुरवायचा असतो. खरिपाचा नवा कांदा पावसानं लांबला की मधल्या दीड-दोन महिन्यांत भाव उडतो. म्हणून साठवणीचा कांदा मे महिन्यातच घ्यायचा, दिवाळीला नाही.

निवड: मध्यम आकार, मान बारीक आणि पूर्ण वाळलेली. जाड मानेचा कांदा कितीही सुंदर दिसो, तो आधी सडतो, कारण मानेतून बुरशी आत जाते. जोडकांदा आणि डेंगळे (फुलाचा दांडा) आलेला लगेच खाऊन टाका. शेतातून काढल्यावर तीन-चार दिवस पातीखाली झाकून वाळवा, मग मानेची दोन-अडीच सेंटीमीटर दांडी ठेवून पात कापा आणि दहा-बारा दिवस सावलीत. पांढरा कांदा तळणाला आणि वाळवणाला उत्तम, पण टिकायला लालच बरा.

आता नेमकं हिवाळ्याचं. कांदा २५-३० अंशांच्या वर झोपलेला असतो. १० ते २० अंशांत जागा होतो आणि कोंब फुटतात. आपल्याकडे नोव्हेंबरात रात्री थंड झाल्या की सहा महिने टिकलेला कांदा पंधरा दिवसांत हिरवा होतो. त्यामुळे दसऱ्यानंतर उरलेला कांदा ओट्यावरून, गच्चीवरून आत आणा. चुलीच्या खोलीतला माळा सगळ्यात चांगला. फ्रीज नको. बटाट्याशेजारी नको. थर फूटभरापेक्षा जास्त नको आणि आठवड्याला एकदा सडका वेचायचा, एका सडक्यानं आजूबाजूचे चार जातात.

अर्धी_भाकर
कोंब आलेला टाकायचा का मग?

पूर्णेकाठ
छे. कोंबासकट चिरून बेसनात घाला. किंवा कुंडीत लावा, पात मिळते.

वऱ्हाडी_ठेचा
कांदा महाग झाला का आमच्या इकडे झुनक्यात बी गायब होते. नुसतंच पिठलं म्हनते मंग.

मोहाचं_झाड
झाडीपट्टीतून, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या भागातून लिहितोय. तुमचा सगळा धागा गव्हा-तुरीचा, धानाचं कोणी बोलेना. आमच्याकडे बेगमी आत्ताच, नोव्हेंबर-डिसेंबरात. नियम एकच, तांदूळ साठवू नका, धान साठवा. तुसाचं कवच असेपर्यंत सोंडे सहज आत शिरत नाहीत. दोन-तीन महिन्यांचं लागेल तेवढंच कांडून आणा. क्विंटलला ६५-६७ किलो तांदूळ धरा, तुकडा वेगळा. नवा तांदूळ चिकट होतो, पाणी कमी घालावं लागतं. एचएमटीसारखा बारीक तांदूळ तर चार-सहा महिने जुना झाल्यावरच मोकळा शिजतो. म्हणून ढोलीत जुनं धान संपेपर्यंत नवं फोडत नाहीत.

ढोली लिंपताना शेण आणि माती समान, त्यात बारीक तणीस (धानाचा पेंढा). दोन हात द्यायचे, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा, नाहीतर भेगा पडतात आणि उंदराला तेवढंच पाहिजे असतं. खाली चार दगड.

सेवाग्राम_एस्टी
रेशनचं विचारायचं होतं, वेगळा धागा काढू का?

टोपलीभर
इथंच विचारा हो.

सेवाग्राम_एस्टी
केशरी कार्डावर धान्य बंद होऊन पैसे येतात ते किती? सासूबाईंच्या खात्यावर काहीच दिसत नाही.

पांढरीची_माती
वर्धा जिल्हा आणि अमरावती विभागात केशरी शेतकरी कार्डधारकांना २०२३ पासून धान्याऐवजी रोख मिळते, आधी माणशी १५०, मग १७०. खातं आधारला जोडलेलं आहे का ते बँकेत पाहा, बहुतेक तिथंच अडकतं. प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला कुटुंबाला ३५ किलो मोफत आहे, पण ई-केवायसी घरातल्या प्रत्येकाची पाहिजे. एकाची राहिली तर तेवढ्या माणसाचं धान्य कमी.

सेवाग्राम_एस्टी
धन्यवाद दादा, उद्याच जाते.

गोठ्याकडे
माणसांचं झालं असेल तर गुरांकडे या. डिसेंबरनंतर कुटाराचा (मळणीनंतर उरणाऱ्या भुशाचा) भाव तुमच्या डाळीपेक्षा जोरात पळतो. सोयाबीनचं कुटार आत्ता, मळणीच्या वेळीच भरा. पावसात भिजलेलं, काळं पडलेलं फुकट मिळालं तरी नको, बुरशीनं जनावराचं पोट बिघडतं. तुरीचं आणि हरभऱ्याचं त्याहून चांगलं, पण ते उशिरा येतं.

गव्हांडा (गव्हाचं काड) किंवा तणीस असेल तर युरियाची प्रक्रिया करा. १०० किलो कोरड्या चाऱ्याला ४ किलो युरिया, ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थर घालायचा, शिंपायचं, पायानं दाबायचं, परत थर. वरून प्लॅस्टिक, कडेनं मातीनं बंद, २१ दिवस. उघडल्यावर तासभर पसरून ठेवा, नाकाला झोंबणारा वास जाऊ द्या, मगच द्या. सुरुवातीला थोडं-थोडं. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका. युरियाचं पाणी उघडं ठेवू नका, जनावर प्यालं तर जागेवर मरतं.

धुऱ्यावरची_तूर
अंदाजानं मुठीनं टाकणारे खूप आहेत. वजन करूनच घ्या हे ठळक लिहा.

गोठ्याकडे
होय, वजन करून. मूठ नाही.

पांढरीची_माती
आलो. जळणाबद्दल. सिलिंडर महाग म्हणून पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) सगळेच रचतात, एकरी दहा क्विंटलच्या आसपास निघते. पेटवायला तुराटी, भाकरीला पऱ्हाटी, पाणी तापवायला बाभूळ. पण पऱ्हाटीचा ढीग म्हणजे गुलाबी बोंडअळीचं हिवाळी घर. न फुटलेल्या कवडी बोंडांत आणि जोडबियांत अळी झोपून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. २०१७ ला विदर्भानं ते चांगलंच भोगलं. म्हणून फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर घेतलेला कापूस) घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटा, बोंडं तोडून जाळा, आणि नुसत्या काड्या घराजवळ उभ्या रचा. धुऱ्यावर ढीग नको. जून उजाडायच्या आत तो संपला पाहिजे. हात घालायच्या आधी काठीनं आपटा, साप असतोच.

वऱ्हाडी_ठेचा
फरदड सोडा म्हन्ता, पन जानेवारीत भाव वाढला का सोडवत नाई ना भाऊ.

पांढरीची_माती
दोन वेचण्यांसाठी पुढचं वर्ष घालवायचं का, तुम्हीच ठरवा.

अर्धी_भाकर
तेल राहिलं. दुकानात १५ लिटरचा आणि १५ किलोचा डबा शेजारीशेजारी असतो, भाव विचारताना फसू नका. तेलाचा लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. १५ लिटरच्या डब्यात पावणेचौदा किलोही नसतं, १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास. पिशवीवरही ग्रॅम वाचा, सगळ्या पिशव्या ९१० च्या नसतात. १४ सप्टेंबर २०२४ ला आयात शुल्क वाढलं आणि दिवाळीच्या तोंडावर भाव चढला, तेव्हापासून हे वाचायची सवय लागलीच पाहिजे. ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं, पण आपलं बहुतेक तेल बाहेरचंच, भरवसा नाही. दोन महिन्यांपेक्षा जास्त साठवू नका, उघडलेला डबा खवट होतो.

मोहाचं_झाड
जवसाचं तेल तर त्याहून लवकर खवटतं. जवस अख्खा ठेवा, चटणीपुरता भाजा.

धुऱ्यावरची_तूर
आणि हिवाळा नुसता टंचाईचा नाही हो, भाजी याच दिवसांत स्वस्त होते. हरभऱ्याचे शेंडे फुलं यायच्या आधी खुडा, धुऊ नका, पानांवरची आंब (आंबट रस) पाण्यानं जाते. सावलीत पातळ पसरून कुरकुरीत वाळवा. पाच किलोची एक किलो उरते. मार्चनंतर भाजी महागली की हीच बेसनात. टमाटर कवडीमोल झाले की चकत्या करून मीठ लावून कडक उन्हात, संध्याकाळी आत घ्या, दव पडलं की काळे होतात.

टोपलीभर
मिरचीचं? भिवापुरी घ्यायची तर कधी?

अर्धी_भाकर
फेब्रुवारी-मार्च. आत्ताची सगळी मागच्या वर्षीची, मुठीत दाबली तर वाळलेली मिरची कडकडली पाहिजे, वाकली तर ओली आहे. डेठ कांडायच्या दिवशीच तोडा, आधी तोडले की तिथून ओल शिरते.

सेवाग्राम_एस्टी
वर राख लिहिली आहे ती गोवरीची की पऱ्हाटीची?

धुऱ्यावरची_तूर
कोणतीही चालते, पण बारीक चाळून आणि दोन दिवस थंड झालेली. निखारा राहिला तर तुरीबरोबर ढोलीही जाईल.