डोळा म्हणजे कॅमेरा नाही
कोणीतरी लिहिलंय की डोळा फोटो काढतो आणि मेंदू तो नुसता बघतो, तसं नाहीये हो. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या १२ कोटींच्या आसपास पेशी आणि मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम १० लाखांच्या घरात, म्हणजे निवडानिवड तिथेच सुरू होते. पुढे मेंदूच्या मागच्या भागातल्या पेशी कामं वाटून घेतात, कोणी आडवी रेघ पकडते, कोणी तिरकी. हुबेल आणि वीझल हे दोन शास्त्रज्ञ मांजरीला ठिपके दाखवून तिच्या मेंदूतली पेशी तपासत बसले होते, पेशी ढिम्म, आणि ठिपक्यांची काचेची स्लाइड सरकवताना तिच्या कडेची सावली हलली तशी पेशी तडतडायला लागली! १९८१ चं नोबेल मिळालं त्यांना.

आमच्या इथे इंदूरला माझ्या भाचीचा एक डोळा आळशी निघाला, डोळा धड पण मेंदूशी जोडणी कच्ची. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून ताई तिला रोज सकाळी पोह्यांतले डाळिंबाचे दाणे वेचायला बसवायची, आधी दाणा कुठला नि शेव कुठली कळायचं नाही, रडायची बिचारी, चार महिन्यांनी पटापट वेचायला लागली. लहान वयात या जोडण्या सुधारतात, नंतर फार जड जातं, म्हणून पोरांचे डोळे शाळेत घालायच्या आधीच तपासून घ्या, प्लीज.