स्टीव्ह टिकोलोची कारकीर्द सरासरीने मोजावी का?

हौशी ऑफस्पिनर (कोल्हापूर)

नमस्कार. रविवारी शिवाजी स्टेडियमवरचा सराव आटोपून चहाच्या गाड्यावर उभे असताना मी मुलांपुढे केनियाच्या स्टीव्ह टिकोलोचे नाव घेतले. एकाने लगेच मोबाईलवर त्याची एकदिवसीय सरासरी काढली. ती तिशीच्या किंचित खाली आहे. ‘सर, एवढ्यावर तुम्ही त्याला मोठा म्हणता?’ असे त्याने विचारले आणि मला नीट उत्तर सुचले नाही. १९९६ ते २०११ असे सलग पाच विश्वचषक खेळलेल्या, पण केनियाला कसोटी दर्जा नसल्याने कसोटीचे दार कधीच न उघडलेल्या या फलंदाजाचे मोल मुलांना कसे समजावून सांगावे?

पंचगंगेचा घाट

सर, २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकातल्या केनिया-वेस्ट इंडिज सामन्याला मी पुण्याच्या नेहरू स्टेडियममध्ये होतो. रात्रीच्या एसटीने गेलो होतो आणि खरे सांगायचे तर टिकोलोसाठी नव्हे, वेस्ट इंडिजचा महान फलंदाज ब्रायन लारासाठी. केनियाचा डाव १६६ धावांत आटोपला तेव्हा दुपारी लवकर घरी जायला मिळेल, असे आमच्या रांगेतले लोक बोलत होते. त्या डावात टिकोलोच्या २९ धावा फलंदाजांमध्ये सर्वाधिक होत्या, आणि अवांतर धावा त्याहूनही जास्त होत्या. मग रजब अलीच्या चेंडूवर लाराच्या बॅटची कड लागली, चष्मा लावलेल्या स्थूल यष्टिरक्षक तारिक इक्बालने झेल घेतला आणि मैदान क्षणभर गप्प झाले. वेस्ट इंडिज ९३ धावांत गारद झाले. अशा सामन्यातले २९ मोबाईलवर २९ एवढेच दिसणार. त्याच स्पर्धेत कँडीला श्रीलंकेने ३९८ धावांचा डोंगर रचल्यावर टिकोलोने ९६ धावा काढल्या, त्याही मुलांना सांगा.

आकडेमोड

आदरपूर्वक असहमत. दुबळ्या संघात खेळला, एवढे कारण पुरेसे नाही. झिम्बाब्वेचा अँडी फ्लॉवरही बलाढ्य संघात नव्हता. तरी ६३ कसोटींत त्याची सरासरी ५१.५४ आहे आणि नोव्हेंबर २००० मध्ये नागपूरला भारताविरुद्ध फॉलोऑननंतर (म्हणजे संघाला लागोपाठ दुसऱ्यांदा फलंदाजी करावी लागल्यावर) त्याने नाबाद २३२ धावा करून सामना अनिर्णित राखला. २००३ च्या विश्वचषकात केनिया उपांत्य फेरीत पोहोचला त्यातही न्यूझीलंडने सुरक्षेच्या कारणावरून नैरोबीला येण्यास नकार दिल्याने मिळालेले गुण होते, हे विसरू नये.

पंचगंगेचा घाट

गुण फुकट मिळाले हे मान्य, पण श्रीलंकेला नैरोबीत ५३ धावांनी हरवले ते मैदानावर. आपले संदीप पाटील तेव्हा प्रशिक्षक होते आणि टिकोलो कर्णधार. दरबानच्या उपांत्य सामन्यात भारताच्या २७० धावांपुढे केनिया १७९ वर संपला, त्यात ५६ टिकोलोच्या होत्या. आणि फ्लॉवरच्या ६३ कसोटी तुम्हीच मोजल्यात. झिम्बाब्वेला १९९२ मध्ये कसोटी दर्जा मिळाला म्हणून त्या झाल्या. टिकोलो २००३ मध्ये एकतिशीत होता, म्हणजे फलंदाज पिकतो ते वय. नेमके त्यानंतर मंडळातली भांडणे, खेळाडूंचा संप आणि टिकोलोचा सहकारी मॉरिस ओदुंबेवरची पाच वर्षांची बंदी यांत केनियाचे क्रिकेट खचले आणि मोठ्या संघांशी गाठ पडणेच दुर्मीळ झाले.

राजारामपुरीकर

कोल्हापूरच्या मुलांना हे समजावायला केनियापर्यंत जायची गरज काय? आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या, ब्रॅडमनचा एका डावातल्या ४५२ धावांचा विक्रम हाताशी आला असताना प्रतिस्पर्ध्यांनी सामनाच सोडून दिला आणि त्यांना अधिकृत कसोटी एकदाही खेळायला मिळाली नाही. त्यांची कसोटी सरासरी मोबाईलवर शोधायला सांगा.

टिकोलोची एकच खेळी दाखवायची असेल तर १९९७ च्या आयसीसी करंडकाचा (कसोटी दर्जा नसलेल्या देशांच्या स्पर्धेचा) क्वालालंपूरमधला अंतिम सामना दाखवा. केनियाच्या २४१ पैकी १४७ धावा एकट्या टिकोलोच्या होत्या. पावसामुळे बांगलादेशपुढे २५ षटकांत १६६ धावांचे लक्ष्य आले आणि त्यांनी ते शेवटच्या चेंडूवर गाठले. तीन वर्षांनी कसोटी दर्जा मिळाला तो बांगलादेशला.

हौशी ऑफस्पिनर

सर्वांचे आभार. आकडेमोड साहेब, फ्लॉवरची तुलना मुलांसमोर जशीच्या तशी ठेवतो, कारण ती टाळण्यासारखी नाही. सरासरी काढणाऱ्या त्या मुलाला मात्र क्वालालंपूरचा धावफलक वहीत उतरवून आणायला सांगितला आहे.